‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा?

अलंकारांचा भाग शिकवून झाला की वह्यांमध्ये मला एकाच प्रकारची खूण दिसू लागते. ओळीतल्या ‘जणू’भोवती पेन्सिलीने गोल काढलेला असतो आणि समासात लिहिलेलं असतं, ‘उत्प्रेक्षा’. ‘सारखा’भोवती गोल असला तर उपमा. ‘नव्हे’भोवती गोल असला तर अपन्हुती. ही युक्ती मुलांना कुणीतरी शिकवलेली असते, गाईडमध्येही ती चौकटीत छापलेली असते आणि बऱ्याचदा तिने उत्तर बरोबरही येतं. तरी तो गोल पाहिला की मला वाईट वाटतं. कवीने ओळीत काय केलं आहे हे पाहण्याआधीच त्या मुलाचं ओळ वाचणं थांबलेलं असतं.

मी शाळेत मराठी शिकवते. विद्यार्थ्यांना लागणाऱ्या संज्ञा मी इथे माझ्या क्रमाने मांडणार आहे, पुस्तकातल्या क्रमाने नाही. काहींवर रेंगाळेन, काही चटकन ओलांडेन. प्रत्येक ठिकाणी प्रश्न मात्र एकच विचारेन: हे वाक्य नेमका काय दावा करतं आहे?

सुरुवात ‘सारखा’पासून करू. ‘ती आईसारखीच उंच आहे.’ ही उपमा आहे का? वर्गात निम्मे हात ‘हो’ म्हणून वर जातात. पण या वाक्यात फक्त माहिती आहे. दोघींची उंची मोजता येते, ताडून पाहता येते. आपल्या न्यायशास्त्रात ‘उपमान’ नावाचं एक प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचं साधन, मानलं आहे आणि त्याचं ठरलेलं उदाहरण आहे, ‘गवय गायीसारखा असतो’. गवय हा रानातला प्राणी कधी न पाहिलेल्या माणसाला तो ओळखता यावा म्हणून सांगितलेली ही खूण. साम्य आहे, ‘सारखा’ही आहे. तरी आलंकारिकांनी, म्हणजे काव्यशास्त्र लिहिणाऱ्यांनी, स्पष्ट सांगितलं की ही उपमा नव्हे, कारण मनाला सुखावेल असं काही तिच्यात नाही. अलंकार व्हायला साम्य पुरत नाही, ते साम्य अनपेक्षित आणि सुंदर असावं लागतं.

आता हे वाक्य घ्या: ‘आजीचे हात जुन्या झाडाच्या मुळांसारखे गाठाळ आहेत.’ इथे हात आणि मुळं या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी जवळ आल्या. ज्याचं वर्णन चाललं आहे ते उपमेय, म्हणजे हात. ज्याच्याशी तुलना केली ते उपमान (इथे न्यायशास्त्रातलं प्रमाण नव्हे), म्हणजे मुळं. दोघांत समान असलेला गुण तो साधारण धर्म, गाठाळपणा. आणि ‘सारखे’ हा साम्यवाचक शब्द. चारही असले की पूर्णोपमा, एखादं गाळलं की लुप्तोपमा. मला लुप्तोपमा जास्त आवडते. ‘आजीचे हात मुळांसारखे आहेत’ एवढंच म्हटलं तर साधारण धर्म वाचकाने शोधायचा असतो. गाठाळ? चिवट? जुने? मातीशी नातं असलेले? एक शब्द काढून घेतला आणि वाक्य मोठं झालं.

पुढे मी वर्गात फळ्यावर हात आणि मुळं एवढे दोनच शब्द ठेवते आणि फक्त दावा बदलत नेते.

‘आजीचे हात म्हणजे जणू झाडाची मुळंच.’ दावा वाढला. उपमेत कवी म्हणाला, दोन्ही सारखे आहेत. आता तो म्हणतो, हे तेच असावेत असं वाटतं. खात्री नाही, संभावना आहे. ही उत्प्रेक्षा. ‘आजीच्या हातांच्या मुळांनी सगळं घर धरून ठेवलं होतं.’ आता ‘वाटतं’ही गेलं; हात आणि मुळं एक झाली. हे रूपक. ‘हे हात नव्हेत, ही मुळंच आहेत.’ कवीने उपमेयाला चक्क नाकारलं, म्हणून अपन्हुती. आणि शेवटी, ‘ती मुळं रात्रभर माझ्या तापलेल्या कपाळावरून फिरत राहिली.’ आजी नाही, हात नाहीत, उपमेय वाक्यातून नाहीसं झालं आणि तरी आपल्याला सगळं कळलं. संस्कृत काव्यशास्त्रात याला अतिशयोक्तीचाच एक प्रकार मानतात: उपमानाने उपमेय गिळून टाकलं. शाळेच्या पुस्तकात अतिशयोक्ती म्हणजे एखादी गोष्ट अशक्य वाटावी इतकी फुगवून सांगणं. परीक्षेत तोच अर्थ लिहावा, पण हा दुसराही ठाऊक असावा, कारण कवितेत तो सतत भेटतो आणि भेटल्यावर मुलं गोंधळतात.

याच जोडीतून आणखीही निघतात. हात की मुळं, असा प्रश्न पडला तर ससंदेह. पाखरू मुळं समजून हातावर येऊन बसलं तर भ्रांतिमान. उलट करून ‘झाडाची मुळं आजीच्या हातांसारखी आहेत’ म्हटलं तर प्रतीप. दुसरं काही सुचूच नये आणि ‘आजीचे हात आजीच्या हातांसारखेच’ म्हणावं लागलं तर अनन्वय. फळा भरतो, पण पाठ करायचं फार थोडं उरतं. मुलांना कळतं की ही दहा वेगवेगळी नावं नसून एकाच नात्याच्या दहा अवस्था आहेत.

ही कल्पना माझी नाही. सोळाव्या शतकातल्या काव्यशास्त्रकार अप्पय्य दीक्षितांनी ‘चित्रमीमांसे’त म्हटलं आहे की उपमा ही एकच नटी आहे, काव्याच्या रंगमंचावर ती निरनिराळ्या भूमिका घेऊन नाचते आणि जाणत्यांचं मन रिझवते. हा श्लोक वाचला तेव्हापासून मी अलंकारांची यादी फळ्यावर लिहिणं सोडून दिलं. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त अलंकार ४ च आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. अप्पय्य दीक्षितांच्याच ‘कुवलयानंदा’त त्यांची संख्या शंभराच्या पुढे गेलेली आहे. एवढी वाढ पाहून विद्यार्थी घाबरतो. पण ज्याने ती शंभरावर वर्णनं लिहिली त्यानेच नटी एक आहे असं सांगून ठेवलं, याचा मला फार आधार वाटतो.

गंमत म्हणजे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात याच जागी बोट ठेवलं, पण उलट्या दिशेने. त्याच्या मते उपमा हीच रूपकाचा एक प्रकार, फरक थोडासाच. त्याचं उदाहरण ग्रीक महाकाव्यातल्या अकिलीस या योद्ध्याचं आहे: ‘तो सिंहासारखा झेपावला’ ही उपमा, ‘सिंह झेपावला’ हे रूपक. आपल्याकडे शास्त्रकारांचं लाडकं उदाहरणही सिंहाचंच, ‘सिंहो माणवकः’, हा मुलगा सिंह आहे. ॲरिस्टॉटलला रूपक थोरलं वाटलं, दीक्षितांना उपमा. मी दीक्षितांच्या बाजूची आहे, कारण शिकवताना उपमेपासून वर चढता येतं. रूपकापासून खाली उतरताना मुलांचे पाय घसरतात, एवढंच माझं कारण. शिवाय ॲरिस्टॉटलचं ‘सिंह झेपावला’ हे आपल्या हिशेबात रूपकही नाही. उपमेय नाहीसं झालं आहे, म्हणजे ती वर सांगितलेली गिळणारी अतिशयोक्ती. दोन परंपरांच्या संज्ञा एकास एक जुळवायला गेलं की असं होतं.

व्यतिरेक मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यासाठी मराठीत एक असा चरण आहे की दुसऱ्या उदाहरणाची गरजच पडू नये. ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके ।’ ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली ही ओवी. गोडीसाठी उपमान म्हणून अमृताच्या वर काही नाही. कवी साधारणपणे म्हणतो, अमृतासारखी गोड. ज्ञानदेव अमृताला पैजेला बोलावतात आणि हरवतात. उपमेयाने उपमानाला मागे टाकलं की व्यतिरेक, ही व्याख्या मुलं पाठ करतात. पण ‘पैजां’ हा शब्द मोठ्याने वाचून दाखवला की व्याख्या विसरली तरी चालते.

आता पुन्हा ‘जणू’कडे. ‘तो असं बोलतो जणू मला काही कळतच नाही.’ यात ‘जणू’ आहे, उत्प्रेक्षा नाही. बोलणाऱ्याची साधी तक्रार आहे. याउलट हे वाचा: ‘वाऱ्याने दार ढकललं. आत कोण आहे ते त्याला पाहायचं होतं.’ यात ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ काहीच नाही. तरी वाऱ्याच्या ढकलण्यामागे कवीने एक हेतू कल्पिला आहे. ही उत्प्रेक्षाच, सूचक शब्द न लावलेली. शास्त्रात तिला गम्योत्प्रेक्षा असं नाव आहे. वाऱ्याला माणसासारखं कुतूहल दिलं म्हणून यात चेतनगुणोक्तीही आहे. मग उत्तर काय लिहायचं, असं मुलं विचारतात. परीक्षेत ओळ सहसा स्वच्छ दिलेली असते, तिथे अडचण येत नाही. पण दोन अलंकार एका ओळीत नांदू शकतात हे जुन्या लोकांनी मान्य केलं होतं. तिळातांदळासारखे वेगळे दिसत राहिले तर संसृष्टी, दुधापाण्यासारखे मिसळले तर संकर.

शब्दालंकारांवर मी फार वेळ घालवत नाही. अनुप्रास आणि यमक कानाला आपोआप कळतात. एकच सांगते: अनुप्रासात अक्षर परत येतं एवढं पुरेसं नाही, ते परत येण्याने ओळीला काय मिळालं हे सांगता यायला हवं. पावसाच्या ओळीत ‘स’ सळसळत असेल तर त्याला काम आहे. नुसत्या ‘क’च्या रांगेला काम नसेल तर तसंही लिहावं, गुण कुणी कापत नाही. श्लेषात एका शब्दाने दोन अर्थ पेलायचे असतात आणि दोन्ही अर्थ त्या वाक्यात खरे ठरायला हवेत. एक अर्थ कसाबसा ओढून आणावा लागला तर श्लेष फसला.

शब्दशक्तींचा धडा मुलांना कोरडा वाटतो. मला तो सगळ्यांत रसाळ वाटतो, म्हणून इथे थांबते.

शब्दाचा सरळ, ठरलेला अर्थ देते ती अभिधा. तो अर्थ जिथे जुळत नाही तिथे जवळचा दुसरा अर्थ शोधून देते ती लक्षणा. ‘सगळा वर्ग हसला.’ चार भिंती हसत नाहीत, म्हणून वर्ग म्हणजे त्यातली मुलं. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेच्या तीन अटी दिल्या आहेत: मूळ अर्थाला अडथळा हवा, नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी संबंध हवा, आणि असं बोलण्यामागे रूढी किंवा काही प्रयोजन हवं. ‘मुलांनी घर डोक्यावर घेतलं’ हे रूढीने आलं. आता ते म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे डोकं येत नाही. प्रयोजनाचं प्रसिद्ध उदाहरण ‘गंगायां घोषः’, गंगेवर गवळीवाडा. प्रवाहावर वाडा कसा असेल? काठावर असणार. मग ‘काठावर’ का नाही म्हटलं? कारण ‘गंगेवर’ म्हटल्याने गंगेचा गारवा आणि पावित्र्य त्या वाड्यापर्यंत पोचतं. हे जे पोचलं ते ना अभिधेने दिलं ना लक्षणेने. ते दिलं तिसऱ्या शक्तीने, व्यंजनेने.

व्यंजनेची गोष्ट एका वाक्याच्या भाग्याची आहे. सातव्या शतकाच्या आसपास भामह नावाचा आलंकारिक होऊन गेला. त्याने एक ओळ उदाहरणादाखल घेतली: सूर्य मावळला, चंद्र प्रकाशतो आहे, पाखरं घरट्यांकडे चालली आहेत. आणि विचारलं, हे काय काव्य आहे? याला तर वार्ता म्हणतात. म्हणजे निव्वळ बातमी. पुढे नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला आणि काव्याचा आत्मा ध्वनी, म्हणजे व्यंजनेने सुचवलेला अर्थ, आहे असं सांगितलं. त्याच वाटेने जाणाऱ्या मम्मटाने नेमकं तेच वाक्य उचललं, ‘गतोऽस्तमर्कः’, सूर्य मावळला. आणि दाखवलं की सेनापतीला सांगितलं तर त्याचा अर्थ ‘आता शत्रूवर चाल करा’. कामकऱ्याला सांगितलं तर ‘काम थांबवा’. गुराख्याला ‘गुरं घरी वळव’. व्यापाऱ्याला ‘माल आवरा’. वाट पाहणाऱ्या स्त्रीला ‘तो अजून आला नाही’. अभिधेने मिळालेला अर्थ सगळ्यांसाठी एक, व्यंजनेने मिळालेला प्रत्येकासाठी निराळा. भामहाने बातमी म्हणून टाकून दिलेले दोन शब्द चारशे वर्षांनी अर्थ किती फाकू शकतो याचा नमुना ठरले. भामह चुकला असं मात्र मी म्हणणार नाही. कुणी, कुणाला, कधी म्हटलं हे काढून घेतलं तर ते वाक्य बातमीच उरतं.

वर्गात मी हा खेळ ‘घंटा झाली’ या वाक्यावर करते. शिक्षक म्हणाले, परीक्षेला बसलेली मुलगी म्हणाली, रिकाम्या मैदानात उभा राहिलेला मुलगा म्हणाला. प्रत्येकासाठी व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवलेला अर्थ, लिहायचा. या उत्तरांमध्ये चौकटीतलं एकही वाक्य येत नाही, प्रत्येक वही वेगळी निघते.

रसाबद्दल एकच गोष्ट, पण ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. भरताने रस ८ सांगितले, नववा शांत पुढे रुळला. विभाव (भावना जागवणारं कारण), अनुभाव (ती बाहेर दाखवणारी कृती) आणि व्यभिचारी भाव (येऊन जाणाऱ्या भावना) यांच्या संयोगाने रस निर्माण होतो, हे भरताचं सूत्र. मुलं मात्र रसही शब्दावरून ओळखतात. ‘रडली’ आलं की करुण, ‘तलवार’ आली की वीर. आणि स्वतः लिहितानाही ‘तिला अतिशय दुःख झालं’ असं लिहून मोकळी होतात. मम्मटाने रसदोषांची यादी दिली आहे आणि तिच्यात पहिला दोष कुठला आहे पाहा: रस, स्थायी भाव (रसामागची टिकून राहणारी भावना) किंवा व्यभिचारी भाव यांचा त्यांच्या नावाने उल्लेख करणं. दुःखाचं नाव घेतलं की वाचकापर्यंत फक्त नाव पोचतं. हे वाचा: ‘दारातल्या वडिलांच्या चपला त्याने आत नेल्या नाहीत. पुसल्या आणि पुन्हा तिथेच ठेवल्या.’ यात शोक हा शब्द नाही. चपला हा विभाव आहे, पुसणं हा अनुभाव आहे, आणि बाकीचं वाचकात घडतं. निबंध तपासताना मी ‘दुःख’, ‘आनंद’, ‘भीती’ या शब्दांखाली रेघ मारते आणि समासात लिहिते, ‘काय झालं ते सांग’. दुसऱ्यांदा लिहून आणलेला निबंध जवळजवळ नेहमीच लांबीने कमी आणि वाचायला चांगला असतो.

आता वक्तृत्व. भाषणस्पर्धेच्या मुलांना मी ॲरिस्टॉटलची तीन साधनं सांगते: बोलणाऱ्याबद्दल वाटणारा विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनातली भावना, आणि युक्तिवाद. बहुतेक भाषणं दुसऱ्यावरच उभी असतात. आवाज चढतो, हात उंचावतात, आणि ‘का?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. रचनेच्या युक्त्याही तीनचारच पुरतात. वाक्यांच्या सुरुवातीला तोच शब्द पुन्हा आणणं, परस्परविरुद्ध गोष्टी समोरासमोर ठेवणं, उत्तर अपेक्षित नसलेला प्रश्न विचारणं. आणि जोडशब्द गाळणं. ज्युलियस सीझरचं ‘आलो, पाहिलं, जिंकलं’ हे वाक्य ‘आलो, मग पाहिलं आणि त्यानंतर जिंकलं’ असं करून पाहा. विजयाचा सगळा वेग निघून जातो.

मात्र आपल्या शास्त्रातली एक संज्ञा वक्तृत्वाच्या मुलांना कुणी सांगत नाही आणि ती सांगायलाच हवी: काकू. आवाजाच्या वळणाने अर्थ बदलणं म्हणजे काकू. भरताने नटांसाठी तिचे दोन प्रकार सांगितले: साकांक्ष, म्हणजे पुढे काही बाकी आहे असं सुचवणारी, आणि निराकांक्ष, म्हणजे बोलणं पुरं झालं असं सांगणारी. ‘वेणीसंहार’ या संस्कृत नाटकात भीम संतापून जे म्हणतो ते कागदावर अक्षरशः असं आहे: शंभर कौरवांना मी रणात क्रोधाने चिरडणार नाही. व्याकरणाने पाहिलं तर भीमाने शस्त्र खाली ठेवलं. पण तो ते ज्या आवाजात म्हणतो त्याने वाक्याचा अर्थ बरोबर उलटा होतो: चिरडणार नाही म्हणता? मी? मम्मटाने हे उदाहरण याचसाठी घेतलं आहे.

इथे गोल काढायला एकही शब्द नाही. ‘नाही’ला गोल काढला तर उत्तर उलटं येईल. म्हणून कुठल्याही ओळीतला अलंकार ओळखायच्या आधी मी मुलांना ती ओळ दोनदा मोठ्याने वाचायला लावते, एकदा सरळ आणि एकदा ज्याच्या तोंडी आहे त्याच्या आवाजात. परीक्षेच्या खोलीत मोठ्याने वाचता येत नाही, तिथे ओठ न हलवता वाचायचं. भीमाची ओळ दुसऱ्यांदा वाचताना वर्गातला सगळ्यांत हळू बोलणारा मुलगाही ‘मी’वर आवाज टाकतो. तिथे का टाकला, हे त्याने दोन वाक्यांत लिहिलं की त्याचं उत्तर पुरं झालं.